जुन्या गाडीचीं रुंद चाकें

वडिलोपार्जित वस्तु हातीं आली म्हणजे तिच्याबरोबर एक प्रश्नहि हातीं येतो. ती वस्तु आपली झाली असें कायदा सांगतो. परंतु ती सर्वस्वीं आपली झाली असें मन कांहीं सांगत नाहीं. शेताचा तुकडा असो, राहतें घर असो, देव्हाऱ्यांतला टाक असो, त्याला हात लावतांना कोणी तरी मागें उभें राहून पाहत आहे असा भास होतोच. या भासाला किती मान द्यावयाचा, आणि वस्तूवर अंतिम हक्क कोणाचा, गेलेल्यांचा, आपला, कीं पुढें येणाऱ्यांचा, हा नीतिशास्त्रांतला एक जुना प्रश्न आहे. गेल्या पावसाळ्यांत तो माझ्या घरीं अगदींच अनपेक्षित वेषांत आला. वाद होता तो जुन्या मोटारीला रुंद चाकें बसवावींत कीं नाहीं याचा. विषय क्षुल्लक आहे हें मी आरंभींच कबूल करतों. परंतु मोठे प्रश्न पुष्कळदां क्षुल्लक कारणांचा हात धरूनच घरांत शिरतात, आणि ते कोण आहेत हें ओळखूं येईपर्यंत आपण त्यांच्याशीं बरेंच भांडून चुकलेलों असतों.

माझे वडील वाईस डॉक्टर होते. आसपासच्या खेड्यांतून रात्रीं-अपरात्रीं त्यांना बोलावणीं येत. १९६८ सालीं त्यांनीं फियाट ११०० ही मोटार घेतली. त्या काळीं मोटार घेणें म्हणजे दुकानांत जाऊन पैसे मोजणें नव्हे. नांव नोंदवावयाचें आणि आपला नंबर लागण्याची वर्षानुवर्षें वाट पाहावयाची असा तो प्रकार होता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलींतील ट्युरिन शहरच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम, ती तयार होई. हिच्या आधींच्या गोलसर आकृतीच्या गाडीला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ पासून निघालेली ही गाडी मात्र सरळ रेषांची आणि चौकोनी अंगाची. पुढें १९७४ सालीं हिचेंच नांव प्रीमियर पद्मिनी झालें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें जिला पाहिलें नाहीं असा मराठी माणूस विरळा. ऑक्टोबर २०२३ मध्यें ती टॅक्सी रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हां मुंबईबाहेरच्या माणसांनाहि घरांतलें कोणी गेल्यासारखें वाटलें.

या गाडीची प्रकृति थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सारा वाद तिच्यावरच आहे. इंजिन १०८९ सी.सी.चें, ताकद सुमारें चाळीस अश्वशक्तीची, रिकाम्या गाडीचें वजन सुमारें नऊशें किलो, आणि चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. टायराचें माप ५.२०–१४, म्हणजे टायर जेमतेम सव्वापांच इंच रुंद आणि रिम चौदा इंचांची. आजच्या साध्या कुटुंबाच्या गाडीचा टायरहि याहून रुंद असतो. त्यामुळें हल्लींच्या गाड्यांच्या रांगेंत आमची फियाट उभी राहिली म्हणजे भारदस्त अंगाच्या गृहस्थाला बारीक पाय असावेत तशी ती दिसते. मला त्यांत कांहीं उणें कधीं वाटलें नव्हतें. उलट, त्या बारीक पायांवर ती पंचावन्नांहून अधिक वर्षें उभी आहे याचा मला अभिमानच होता.

गेल्या आषाढांत आमचे चिरंजीव, सूनबाई आणि त्यांची वर्षाची मुलगी असे तिघे पांचगणीहून पसरणीचा घाट उतरत होते. पाऊस मुसळधार होता. एका वळणावर ब्रेक लावतांच गाडीचा मागचा भाग घसरला आणि ती आडवी होत कठड्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. कोणाला खरचटलेंहि नाहीं. परंतु घरीं आल्यावर सूनबाईंच्या हाताचा कंप बराच वेळ थांबला नव्हता. रात्रीं जेवणें झाल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी या गाडीला रुंद चाकें बसवणार." त्यांनीं निवडहि करून ठेवली होती: सहा इंच रुंदीच्या अलॉयच्या रिमा आणि त्यांवर १८५ मिलिमीटर रुंदीचे टायर. मीं चित्र पाहिलें आणि म्हटलें, "नाहीं. ही आजोबांची गाडी आहे. त्यांनीं ठेवली तशीच ती राहील." त्यावर तो शांतपणें म्हणाला, "म्हणजे आजोबांची गाडी आहे तशी राहिली पाहिजे. त्यांची पणती राहिली नाहीं तरी चालेल?"

तर्कशास्त्र शिकवण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं आहेत. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

अशा वेळीं प्राध्यापक जें करतो तेंच मींहि केलें: पुस्तकांच्या कपाटाचा आश्रय घेतला. प्लुटार्कनें थीसियसच्या चरित्रांत एका जहाजाची हकीकत दिली आहे. अथेन्सच्या लोकांनीं तें जपून ठेवलें. कुजलेली फळी काढावयाची आणि तिच्या जागीं नवी बसवावयाची असें चालतां चालतां मूळची फळी उरली कीं नाहीं अशी वेळ आली, आणि हें जहाज तेंच कीं दुसरें यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. सतराव्या शतकांत हॉब्जनें या कोड्याला आणखी एक गांठ मारली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी सांठवून त्यांचेंच पुन्हां जहाज बांधलें तर खरें जहाज कोणतें, असें त्यानें विचारलें. आपल्याकडील मिलिंदपञ्हांत तर रथच आहे. यवन राजा मिलिंद याला भिक्षु नागसेन विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे त्याचा आंस काय, चाकें काय, जूं काय? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं, या सर्वांच्या आधारानें 'रथ' हें नांव तेवढें आपण चालवतों.

दोन रात्रीं मीं या थोरांच्या सहवासांत घालवल्या. तिसऱ्या दिवशीं माझ्या ध्यानांत आलें कीं, त्यांपैकीं कोणीहि माझ्या प्रश्नाचें उत्तर देत नव्हता. चाकें बदलल्यावर गाडी 'तीच' राहते कीं नाहीं हा त्यांचा प्रश्न. चाकें बदलावींत कीं नाहीं हा माझा. पहिल्याचें उत्तर कसेंहि आलें तरी दुसरा जेथल्या तेथें राहतो. गाडी अगदीं तीच राहत असली तरी बदल करणें अयोग्य ठरूं शकेल. आणि ती सर्वस्वीं दुसरी होत असली तरी तो करणें कर्तव्य असूं शकेल. आपलें मूल मोठें होऊन ओळखूं न येण्याइतकें बदलतें, म्हणून त्याला कोणी उपाशी ठेवीत नाहीं. वस्तूचें ऐक्य हा सत्तेचा प्रश्न आहे. तिच्याशीं कसें वागावें हा ऋणाचा. आणि ऋणाच्या प्रश्नांत प्रथम विचारावयाचें तें हेंच कीं, आपण देणें लागतों तें कोणाचें.

कपाट बंद करून मी गाडी घेऊन पुण्यांतल्या आमच्या मिस्त्रीकडे गेलों. चिरंजीव बरोबर होते. मिस्त्रीनें गाडीखालीं वांकून पाहिलें, टायराच्या कडेवर नख रोवून पाहिलें आणि तेथला एक चार आंकडी शिक्का आम्हांला दाखवला. २००० सालापासून टायराच्या कडेवर हे चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. आमचे टायर बारा वर्षांचे होते. गाडी फार चालत नसल्यामुळें त्यांवरची नक्षी शाबूत होती, आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानलें होतें. परंतु रबर हें नुसतें झिजून मरत नाहीं, तें वयानेंहि मरतें. हवेनें, उन्हानें तें कडक होत जातें आणि ओल्या डांबराला धरून राहण्याचा त्याचा गुण जातो. "सर, गाडी घसरली ती टायर बारीक म्हणून नव्हे," मिस्त्री म्हणाला, "टायर म्हातारे म्हणून."

रुंद टायर म्हणजे अधिक पकड, ही समजूत वरवर पाहतां निर्विवाद वाटते. तिच्यांत सत्याचा अंश आहे. पण अंशच आहे. चार माणसें बसलेली आमची गाडी बाराशें किलोंची धरली तर प्रत्येक चाकावर तीनशें किलो भार येतो. टायरांत हवा दर चौरस इंचास पंचवीस पौंड असली तर ढोबळ हिशेबानें प्रत्येक टायर सव्वीस चौरस इंच जमिनीवर टेंकतो, म्हणजे साधारण पसरलेल्या हाताएवढ्या जागेवर. टायर रुंद केला आणि हवा व भार तेच ठेवले, तर ही जागा फारशी वाढत नाहीं. तिचा आकार तेवढा बदलतो. पूर्वीं ती अरुंद व लांब होती, ती आतां रुंद व आंखूड होते. कोरड्या रस्त्यावर वेगानें वळण घेतांना या रुंद आकाराचा फायदा होतो, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तो हवा असतो. परंतु रस्त्यावर पाण्याचा थर असला म्हणजे गोष्ट उलटते. अरुंद टायराचा पुढचा भाग पाणी बाजूला सारतो आणि मागच्या लांबट भागाला जमीन सांपडते. रुंद टायराला अधिक पाणी सारावें लागतें आणि त्यासाठीं वेळ कमी मिळतो. त्यामुळें तो कमी वेगांतच पाण्यावर तरंगूं लागतो. घसरलों तों आषाढांतल्या घाटांत. आणि उपाय शोधला तो शर्यतीच्या मैदानावरचा!

मिस्त्रीनें आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत अधिक पटली. रुंद रिम बसवली म्हणजे चाक बाहेरच्या बाजूस सरकतें. भरलेली बादली अंगाशीं धरणें वेगळें आणि हात लांब करून धरणें वेगळें. तसा चाकाचा भार बेअरिंगाला दुरून पेलावा लागतो. स्टिअरिंगला कसलीहि यांत्रिक मदत नसल्यामुळें तें जड होतें, आणि खड्ड्यांचे धक्के हातापर्यंत येऊं लागतात. शिवाय वळणावर गाडी अधिक वेगानें तोलून धरली जाते म्हणून चालवणाराची छाती वाढते. ड्रमचे ब्रेक मात्र १९६८ चेच राहतात. याचा अर्थ असा कीं, गाडीच्या सर्व भागांचा आपसांत एक करार असतो. चाळीस अश्वशक्ति, ते ब्रेक, ते बारीक टायर यांनीं एकमेकांच्या मर्यादा ओळखून तो केलेला असतो. त्यांतल्या एकालाच बलवान केलें म्हणजे गाडी बलवान होत नाहीं. दुबळेपणा फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातो. आणि नवीं जागा बहुधा अशी असते कीं जेथें आपण पाहत नाहीं.

हें ऐकून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची आज मला लाज वाटते. नात वांचली याचा तो नव्हता. तो मुलाचा युक्तिवाद ढासळला याचा होता. मी विजयानें म्हणालों, "पाहिलेंस? कंपनीनें जें दिलें तेंच बरोबर होतें. म्हणूनच मी या गाडीची मूळची एक खुंटीहि हलूं दिलेली नाहीं." मिस्त्री तेव्हां गाडीच्या आंत वांकला होता. त्यानें मान वर केली आणि सहज म्हणाला, "मूळची कशी म्हणतां, सर? ही पुढची सीट कुठें कंपनीची आहे? कंपनीची पाठ अखंड बांकासारखी असते. ही कोणी तरी करवतीनें कापून हिला बिजागऱ्या बसवल्या आहेत."

मी पाहतच राहिलों. त्या सीटची डावी पाठ मागें आडवी पडते आणि मागच्या सीटला जाऊन मिळते. लहानपणीं लांबच्या प्रवासांत मी तिच्यावर निजत असें. सगळ्या फियाटी अशाच असतात असें मीं पन्नास वर्षें धरून चाललों होतों. घरीं येऊन आईला विचारलें. ती आतां पंच्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, "तुझ्या जन्माच्या पुढच्या वर्षीं एका बाळंतिणीला आणावयास ते गेले होते. तिला बसवेना, आणि गाडींत निजवावयास जागा नव्हती. बैलगाडींतून आणीपर्यंत उशीर झाला. आठ दिवसांनीं त्यांनीं लोहाराला बोलावलें आणि सीट कापविली." मीं विचारलें, "इतक्या वर्षांनीं नंबर लागून आलेली गाडी. कापतांना त्यांना वाईट वाटलें नाहीं?" आई म्हणाली, "वाटलें तर. लोहार काम करीत होता तोंवर ते दवाखान्यांतून बाहेर आले नाहींत. पण कापविली."

ज्या गाडीच्या मूळपणासाठीं मी मुलाशीं भांडत होतों, ती वडिलांच्या हयातींतच मूळची राहिली नव्हती. आणि तिच्यांतला जो भाग मला सर्वांत अधिक 'वडिलांचा' वाटत असे, तोच नेमका त्यांनीं मूळ मोडून केलेला होता. मग निष्ठा ठेवावयाची ती कोणाशीं? कारखान्याशीं ठेवावयाची तर ती सीट काढून अखंड बांक बसवला पाहिजे. वडिलांशीं ठेवावयाची तर वडिलांनीं कधीं गाडीला देव्हाऱ्यांत बसवलें नव्हतें हेंहि मान्य केलें पाहिजे.

या प्रश्नावर विचार करणारीं माणसें इतरत्रहि झालीं आहेत. जुन्या इमारतींच्या जतनासंबंधीं १९६४ सालीं व्हेनिस येथें एक सनद तयार झाली. वास्तूवर निरनिराळ्या काळांनीं जी प्रामाणिक भर घातली असेल तिलाहि मान द्यावा, एकच काळ खरा मानून बाकीचे खरवडून काढूं नयेत, असें तींत एक तत्त्व आहे. दुसरें असें कीं, नवा भाग बसवला तर तो एकंदरींत विसंगत दिसूं नये, परंतु जवळून पाहणाऱ्याला नवा म्हणून ओळखूं यावा. जुन्याचें सोंग त्यानें आणूं नये. त्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें जुन्या मोटारींच्या प्रेमिकांच्या आंतरराष्ट्रीय संघानें या विचाराच्या धर्तीवर मोटारींसाठीं एक सनद केली. तिला नांव दिलें तें ट्युरिनचें. आमच्या फियाटच्या माहेरचें. तिचा एक विशेष आग्रह असा कीं, जो बदल अपरिहार्य असेल तो पुन्हां परत फिरवतां येईल असा करावा.

'परत फिरवतां येईल असा' या शब्दांवर मी बराच वेळ थांबलों. चिरंजीवांनीं निवडलेलीं चाकें चार बोल्ट सैल करून काढतां आलीं असतीं. तेवढ्यापुरतें त्यांत पाप नव्हतें. परंतु मिस्त्रीनें माप घेतलें तेव्हां दिसून आलें कीं, मागचीं चाकें मडगार्डाच्या कडेला घासतील, आणि ती कड कापून बाहेर वळवावी लागेल. तेथें मात्र गोष्ट बदलते. चाक काढून माळ्यावर ठेवतां येतें. कापलेला पत्रा पुन्हां उगवत नाहीं. जो फेरफार परत फिरवतां येतो, त्यांत आपण पुढच्या माणसाला इतकेंच म्हणतों कीं, मला असें आवडलें, तुला निराळें आवडलें तर तूं तसें कर. करवत लावली म्हणजे आपण त्याची आवड त्याच्या वतीनें ठरवून टाकतों. आपल्याला निवड करतां आली ती आपल्या पूर्वींच्यांनीं आपल्यासाठीं कांहीं शिल्लक ठेवलें म्हणून. मग पुढच्याची निवड आपण संपवावी काय?

पण मग वडिलांचें काय? त्यांनींहि करवतच लावली होती, आणि ती सीट कांहीं परत फिरवतां येत नाहीं. माझें तत्त्व खरें असेल तर त्यांचा दोष मानावा लागेल. आणि त्यांना दोष देण्यास माझी बुद्धि, पुत्रप्रेम बाजूस ठेवूनहि, तयार होईना. यावरून मला असें दिसतें कीं, तत्त्व एक पायरी आणखी खालीं नेलें पाहिजे. जें परत फिरवतां येतें तें हौसेसाठींहि करावें, कारण हौस हेंहि जगण्याचें एक न्याय्य अंग आहे. जें परत फिरवतां येत नाहीं तें मात्र गरजेवांचून करूं नये. वडिलांपुढें गरज होती, ती दुसऱ्याची होती, आणि करवतीहून लहान असा कोणताहि उपाय तिला पुरेसा नव्हता.

येथें कोणी म्हणेल कीं, गरज आणि हौस यांमधली रेघ ओढावयाची कोणीं? प्रत्येक जण आपल्या हौसेला गरजच म्हणतो. आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उदाहरण शोधावयास मला घराबाहेर जावें लागलें नाहीं. पुढें एके संध्याकाळीं चिरंजीवांनीं हंसत कबूल केलें कीं, ती चाकें त्यांच्या मनांत घाटांतल्या प्रसंगाच्या वर्षभर आधींपासून होतीं. प्रसंगानें त्यांना सबब मिळाली. आणि माझें तरी काय? गाडीच्या सत्यस्वरूपासाठीं मी भांडत आहें असें मी म्हणत होतों. परंतु त्या सत्यस्वरूपाची मला इतकी चाड असती तर सीट मला केव्हांच दिसली असती. मला गाडी बदलावयास नको होती, कारण वडील गेल्यावर बदलली नाहीं अशी माझ्या आयुष्यांत तेवढी एकच वस्तु उरली होती. त्यानें हौसेला सुरक्षिततेचें नांव दिलें आणि मीं दुःखाला निष्ठेचें. दोघांचीं नांवें खोटीं होतीं, म्हणूनच आमचें भांडण मिटत नव्हतें. खोट्या नांवांनीं उभ्या राहिलेल्या वादींना कोणत्याहि न्यायालयांत निकाल मिळत नाहीं.

यावर माझ्यापुरती एकच कसोटी मला सांपडली. जेथें गरज सांगितली जाते तेथें विचारावें कीं, याहून लहान उपायानें ती भागते काय? खरी गरज लहान उपायानें समाधान पावते. हौस लहान उपाय पाहून हिरमुसते. आमच्या बाबतींत लहान उपाय होता. मूळच्या रिमांवर बसतील असे १५५ मिलिमीटर रुंदीचे नवे रेडियल टायर मिळतात. त्यांची उंची जुन्या टायरांच्या उंचीशीं जवळजवळ जुळते, म्हणून वेगाचा कांटा खोटें बोलत नाहीं. पूर्वींच्या टायरांत धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून असत. रेडियलमध्यें ते सरळ आडवे असतात आणि वर एक कडक पट्टा असतो, त्यामुळें कडा लवचिक राहून तळवा जमिनीला सपाट टेंकतो. हा शोधहि कांहीं आजचा नव्हे. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें त्याचें पेटंट १९४६ सालीं घेतलें, म्हणजे आमची गाडी जन्मण्याच्या बावीस वर्षें आधीं. अट एवढीच कीं, दोन्ही जाती एकाच गाडींत मिसळूं नयेत. म्हणून चारी चाकें आणि स्टेपनी असे पांचहि टायर एकदम बदलावयाचे. खर्च अलॉयच्या चाकांच्या मानानें पुष्कळच कमी आला. चिरंजीव किंचित् हिरमुसले. परंतु सूनबाईंनीं नातीला घेऊन पुढच्याच आठवड्यांत भर पावसांत घाट उतरून दाखवला, आणि आल्यावर त्यांचा हात स्थिर होता.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनीं टीका होईल हें मी जाणून आहें. एक पक्ष म्हणेल, गाडी ही शेवटीं वस्तु आहे. ज्याची त्यानें हवी तशी वापरावी. त्यांना माझें उत्तर असें कीं, रस्ता एकट्याचा नसतो. माझ्या गाडीची वाढलेली छाती आणि न वाढलेले ब्रेक यांचा हिशेब रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाला द्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें बावन्नावें कलम फेरफाराला बंधन घालतें आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं त्याचा कडक अर्थ लावला, त्यामागें हाच विचार असावा. दुसरा पक्ष म्हणेल, १५५ चे टायर तरी कां? वस्तु जपावयाची तर पूर्ण जपा. पावसांत बाहेरच काढूं नका. यांच्याविषयीं मला आदर आहे, परंतु जी गाडी रोग्यांसाठीं कापली गेली तिला आच्छादनाखालीं निजवून ठेवणें हा तिचा मान आहे असें मला वाटत नाहीं. चालणें हेंहि तिच्या मूळ स्वरूपांतच येतें.

गाडीच्या खणांत वडिलांची एक वही आहे. किती मैलांवर तेल बदललें, कोठें पंक्चर झालें, सारें तींत त्यांच्या हातचें. सीटची नोंद मात्र नाहीं. मीं त्या वहींत टायर बदलल्याची तारीख, कारण आणि जुन्या टायरांचें माप लिहून ठेवलें. चिरंजीवांनीं विचारलें, "आणि रुंद चाकें? पुढें केव्हां तरी?" मीं म्हटलें, "मडगार्डाला करवत लागणार नसेल, ब्रेक व बेअरिंगें झेपतील एवढींच असतील, कायद्यांत बसत असतील, आणि मूळचीं चाकें माळ्यावर राहणार असतील, तर बसव. मला तीं आवडणार नाहींत, आणि तसें मी बोलून दाखवीन. पण अडवणार नाहीं."

आतां एक शेवटची अडचण उरली आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदवतां येते. चिरंजीवांची तशी इच्छा आहे, आणि अर्ज माझ्या मेजावर पडला आहे. एका स्नेह्यानें सुचवलें कीं, मोडीच्या बाजारांतून अखंड बांक आणून बसवा म्हणजे प्रश्नच मिटेल. तसें करणें मला शक्य नाहीं. आणि सीट मूळचीच आहे असें लिहिणेंहि शक्य नाहीं. म्हणून अर्जाला एक स्वतंत्र कागद जोडावयाचें मीं ठरवलें आहे. ती सीट कोणीं कापविली, केव्हां कापविली आणि कां कापविली, एवढेंच त्यावर लिहिलें आहे. तेवढ्यासाठीं अर्ज नामंजूर झाला तर होवो.